वडकुंडच्या बागेतला गाढवाचा दगड

"ताटकेबाई, आपण जरा त्या बकुळीखाली जाऊन उभ्या राहता का?" सोवनी सर म्हणाले.

सर दगडासमोर गुडघ्यांवर बसले होते. हातात भिंग, शेजारी अक्षरांत भरायला आणलेला पिठाचा डबा, आणि नाक दगडाला टेकायच्या बेतात. जुने शिलालेख वाचणारा एवढा मोठा माणूस जिल्ह्याच्या गावाहून सकाळच्या एस.टी.नं आमच्या बागेत आलेला, आणि मला सावलीत पाठवत होता.

"का हो सर? मला ऊन लागत नाहीये."

"उन्हाचं नाही. पुढची ओळ मला जरा एकट्याला वाचायची आहे."

आमचा मुख्य माळी गेनबा बनकर मागं उभा राहून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "सर, बाईंनी चित्र बघितलंय. आता वळ वाचल्यानं आनि काय बिघडनार?"

सरांचे कान लाल झाले. त्यांची दया येऊन मी बकुळीखाली गेले.

चित्राचं सांगायचं तर दगड छातीइतका उंच होता. वरच्या टोकाला चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरं, आणि खाली एक गाढव आणि एक बाई. त्या दोघांचं काय चाललं होतं ते मी लिहिणार नाही, कारण हे माझी नातवंडंही वाचतील. माझ्या आधीच्या अधीक्षकांना त्या दगडाची इतकी लाज वाटायची की त्यांनी त्याच्या पुढ्यात बोगनवेल लावून दिली होती. गावात मात्र शेंबड्या पोरालाही गाढवाचा दगड कुठं आहे ते ठाऊक होतं.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. मी सव्वीस वर्षांची होते आणि वडकुंड नगरपालिकेच्या वनस्पती उद्यानाची अधीक्षक होऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते. अकरा एकरांची बाग, सहा माळी, पाचशेच्या वर जातींची झाडं, आणि दिवसाकाठी आठ माणसं, त्यातली चार झोपायला यायची. रस्त्याकडच्या तीन एकरांत फार जुने अवशेष होते. कुठल्याशा शिवालयाचं नुसतं जोतं उरलेलं, पाच तुटके खांब, सात वीरगळ, एक खोल दगडी बारव आणि हा दगड. आमची सगळ्यात जुनी झाडंही त्यांच्याच आजूबाजूला वाढलेली. एका खांबाला तर उंबरानं असं कवटाळलं होतं की कोण कुणाला धरून उभं आहे ते कळू नये.

वडिलांनी मला एक वर्ष दिलं होतं. नोकरी टिकली तर लग्नाची घाई करायची नाही, आणि सुटली तर सांगलीचा एक इंजिनियर त्यांनी हेरून ठेवला होता. इंजिनियरचं काही वाईट नसावं. पण मला ती बाग हवी होती. सकाळी फाटक उघडून आत शिरलं की हे सगळं आपल्या हाताखाली आहे या विचारानं मला रोज नव्यानं आनंद व्हायचा. तो आनंद मी कुणासाठी सोडणार नव्हते.

आणि नेमकी ती बागच सोडायची पाळी आली होती. त्या सोमवारी नगरपालिकेतून चिठ्ठी आली की रस्त्याकडच्या तीन एकरांवर दुकानांचं संकुल बांधायचं ठरतंय. मंगळवारी अध्यक्ष जागा बघायला येतील, शनिवारी सभेत ठराव होईल. पुढचे तीन एकर गेले की नदीकडच्या उरलेल्या आठांना वाटच राहत नव्हती. बाग बंद, माझं पद रद्द.

आता सरकारी बागेत साहेब येणार म्हटलं की एकच गोष्ट करायची असते. मी गेनबाला सांगितलं, "उद्या अध्यक्ष येतायत. जे जे उभं आहे त्याला गेरू-चुना मारून घ्या." बाग नटलेली दिसली तर माणसाला जरा दया येईल, एवढाच माझा हिशेब.

मंगळवारी सकाळी सातला येऊन पाहते तो झाडांची खोडं कमरेपर्यंत गेरूनं रंगवलेली, वर चुन्याचा पट्टा. सुरेख दिसत होती. तसेच पाचही खांब. तसेच सातही वीरगळ, लढणारे वीर बिचारे गेरूत बुडालेले. बोगनवेल छाटून गाढवाच्या दगडालाही खालपासून वरपर्यंत गेरू, आणि चंद्र-सूर्यांवर चुन्याचा पट्टा.

"गेनबा, हे काय केलंत?"

"तुमीच म्हनला, जे उभं असंल त्याला."

"अहो, झाडांना म्हटलं मी."

"झाडं म्हनला न्हवता. म्हनला असता तर दीड पोतं चुना वाचला असता."

अध्यक्ष अकराला यायचे होते. सगळ्यांनी मिळून गोणपाटं भिजवली, रिठ्याचं पाणी केलं आणि दगड घासायला घेतले. वीरगळ बऱ्यापैकी निघाले. गाढवाच्या दगडाचा मी स्वतः ताबा घेतला, आणि घासता घासता हात थांबला. वरचा गेरू निघत होता, पण आत खोल बारीक रेघांमध्ये तो अडकून राहिला होता. मी मागं सरून पाहिलं. काळ्या दगडावर लाल अक्षरांच्या सात ओळी उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्या कुणाला दिसल्या नव्हत्या, कारण झिजून त्या दगडाच्याच रंगाच्या झाल्या होत्या.

अध्यक्ष शंकरराव ढमढेरे वेळेवर आले. माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हाही मान्य होतं. मोजणी होईस्तोवर ते उंबराच्या सावलीत उभे राहिले, बागेचं कौतुक केलं, आणि म्हणाले, "ताटकेबाई, काळजी करू नका. तुमची पाणीपुरवठ्यात सोय लावू. तिथं पंख्याखाली बसायचं काम आहे." मी आभार मानले आणि ते गेल्यावर पोस्टात जाऊन सोवनी सरांना फोन लावला. म्हणून बुधवारी सर आले होते, आणि मी बकुळीखाली उभी होते.

"या आता," सरांनी हाक मारली. ते घाम पुसत होते. "पिठाची गरजच पडली नाही मला. गेरू कुणी भरला अक्षरांत?"

"मी," गेनबा म्हणाला. त्याच्या आवाजात काडीचा संकोच नव्हता.

"उत्तम काम केलंत. बाई, हे दानपत्र आहे, सुमारे आठशे वर्षांपूर्वीचं. देवाच्या फुलांसाठी मळा दिला, असं लिहिलंय. देणाऱ्याचं नाव झिजलंय, पण सीमा स्पष्ट आहेत. पूर्वेला नदी, पश्चिमेला बारव."

"म्हणजे हीच जागा?"

"हीच. आठशे वर्षांपूर्वी इथं बागच होती."

मला एकदम भरून आलं. माझ्या आधी इथं कुणीतरी फुलझाडांना पाणी घालत होतं, आणि त्याची कागदपत्रं दगडावर होती. "आणि ती शेवटची ओळ?"

"तो शाप आहे. दान मोडणाऱ्याला असा शाप द्यायची पद्धत होती. या दगडांना गधेगळच म्हणतात." सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "जो कोणी हा मळा मोडील, त्याचिये माये..."

"पुढं?"

"पुढं चित्र आहे," सर म्हणाले.

सरांना एस.टी.त बसवून परत येईपर्यंत माझ्या डोक्यात बेत शिजला होता. वनस्पती उद्यानात प्रत्येक झाडापुढं पत्र्याची पाटी असते. नाव, कूळ, मूळस्थान, उपयोग. झाडांना पाट्या, मग या दगडाला का नको? गावातल्या पेंटरकडून मी दुसऱ्या दिवशी पाटी करवून घेतली. नाव, गधेगळ. काळ, सुमारे आठशे वर्षांपूर्वी. मजकुराचा अर्थ, ही जमीन फुलांच्या मळ्यासाठी दिलेली आहे. जो कोणी हा मळा मोडील त्याच्या आईची या चित्रातल्या बाईसारखी गत होईल. उपयोग, बागेचं रक्षण.

पेंटरनं पाटी रंगवताना दोनदा वर पाहिलं, पण विचारलं काही नाही. त्याला विचारायची गरजच नव्हती. गुरुवारी चारला पाटी लागली आणि पाचला बागेत माणसं यायला लागली. शुक्रवारी सकाळी फाटकापुढं रांग होती. आइसकांडीवाला आला, भेळवाला आला, आणि कॉलेजची पोरं दगडापुढं उभी राहून शाप मोठ्यानं वाचत होती. कुणीही अध्यक्षांचं नाव घेत नव्हतं, आणि सगळे त्यांच्याबद्दलच बोलत होते. गेनबा म्हणाला, "बाई, एवढी मानसं तर जत्रंला नसत्यात." मी फाटकापाशी खुर्ची टाकून बसले होते आणि मनातल्या मनात सांगलीच्या इंजिनियरला निरोप देत होते.

दुपारी तीनच्या सुमाराला गर्दी एकाएकी गप्प झाली. शंकररावांच्या आई, गजराबाई, काठी टेकत चालत आल्या होत्या. वय पंचाहत्तरीचं, नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, सोबत कुणी नाही. लोकांनी वाट दिली. त्या थेट दगडापाशी गेल्या, चित्राकडं बराच वेळ पाहत राहिल्या, मग पाटीकडं वळल्या.

"मला वाचता येत न्हाय," त्या म्हणाल्या. "कुनी लावली ही?"

"मी," मी पुढं झाले.

"मग तूच वाच."

त्या वेळी मी काहीही करू शकले असते. वरच्या दोन ओळी वाचून थांबले असते. जुन्या काळचं काहीतरी आहे आजी, चला सावलीत बसा, असं म्हणाले असते. पण भोवती दोनशे माणसं कान टवकारून उभी होती, आणि सभा दुसऱ्या दिवशी होती. मी खणखणीत आवाजात, एक अक्षर न गाळता, पाटी वाचली.

गजराबाईंनी ऐकून घेतलं. मग चित्रातल्या बाईकडं काठीनं बोट केलं.

"म्हंजे मळा मोडनार लेक, आन् गाढवाम्होरं उभी ऱ्हानार आई?"

गर्दीत हशा पिकला. मीही हसले. खरं सांगते, त्यासुद्धा हसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "आज्जी, मग लेकाला सांगा की बाग सोड म्हनून."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मला वाटलं.

"सांगते की," त्या म्हणाल्या आणि आल्या तशा निघून गेल्या.

शनिवारी सभेला मी प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते. संकुलाचा विषय आला तेव्हा शंकरराव उठले आणि खाली बघून एवढंच म्हणाले, "उद्यानाची जागा आहे तशी राहील." ते बसतात न बसतात तोच मागच्या बाकांवरून कुणीतरी गाढवासारखं ओरडलं. सभागृह दणाणून हसलं. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाग वाचली होती, नोकरी वाचली होती, आणि तीही कुणाच्या पाया न पडता.

हा किस्सा मी शंभर वेळा सांगितला असेल आणि दर वेळी इथंच थांबवलाय. त्या बागेत मी एकतीस वर्षं नोकरी केली. लग्नही पुढं माझ्या मर्जीनं आणि गावातच केलं. सत्कारांत, शाळांच्या सहलींत, शेवटी माझ्या निरोपाच्या समारंभातही मी गेरू, सोवनी सर, पाटी आणि गजराबाईंचं वाक्य असं सगळं रंगवून सांगितलं. लोक पोट धरून हसतात. सांगणाऱ्याला आणखी काय हवं असतं? रविवारचं मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी सातला मी फाटक उघडलं तर गजराबाई बाहेर उभ्या होत्या. शिव्या खायची तयारी ठेवून मी बाजूला झाले. त्या सरळ बारवेकडं गेल्या आणि वरून तिसऱ्या पायरीवर बसल्या. मी खुर्ची आणायला वळले.

"खुर्ची नगं. आमी हितंच बसत हुतो."

"आम्ही म्हणजे?"

"साऱ्या सुना. गावाला पानी हितनं जायचं. घरात सासूम्होरं तोंड उघडायची सोय न्हवती. घागर घिऊन आलं की या पायऱ्यांवर बसून बोलायचं, हसायचं, रडायचं. तेवढंच आमचं सासरातलं माहेर." त्यांनी हातानं पायरी पुसली. पायरीला मधोमध घागरी टेकून टेकून खळगा पडला होता. इतक्या महिन्यांत मी तो पाहिलेला होता, पण कशाचा असेल असा विचार केला नव्हता.

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हणाले, "आजी, त्या पाटीबद्दल तुम्हाला राग आला असेल."

"मंगळवारी शंकर घरी आला," त्या माझं न ऐकल्यासारखं करून म्हणाल्या. "मोजनी झाली म्हनला. बारव बुजवनार, वर दुकानं. मी त्या रात्री जेवले न्हाय. बुधवारी सकाळी त्याला म्हनलं, बाबा, तुझा बा गेला तवा मी रडायला हितं आले हुते. तू हितं माती टाकू नगस. तसा भला हाय त्यो. चहाची कपबशी खाली ठिवली आन् म्हनला, बरं आई. शनवारी सभंत सांगून टाकतो."

मी विचारलं, "बुधवारी?"

"बुधवारी."

मी गुरुवारी पाटी लावली होती. म्हणजे मी पेंटरला मजकूर सांगत होते तेव्हा बाग वाचून एक दिवस झाला होता. ती रांग, तो आइसकांडीवाला, दोनशे माणसांपुढं खणखणीत आवाजात केलेलं वाचन, कशाचीच गरज नव्हती. आणि आता गावात कुणाला खरं सांगितलं असतं तरी पटणार नव्हतं. ढमढेरे आईच्या शब्दाला जागला असं कुणी म्हणणार नव्हतं. ढमढेरे गाढवाला भ्याला, हेच गाव म्हणत होतं, आणि पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिलं. त्यांच्या घरावरून जाताना पोरं ओरडायची. पुढच्या निवडणुकीला ते उभेच राहिले नाहीत.

"मग आजी, शुक्रवारी तुम्ही तिथंच का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "मी पाटी वाचायच्या आधीच सांगायचं, की बाग सोडलीय म्हणून. मी तिथल्या तिथं काढली असती ती."

"त्येच सांगाया आले हुते."

"मग?"

"तू वाचाया लागलीस." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "किती ताठ उभी हुतीस. समद्या गावाम्होरं. म्हनलं, नवी पोर हाय, एकलीच येवढ्या बाप्यांशी भांडतीय. आता मी म्हनावं, बाई, बाग तर परवाच सोडली, तू उगं बोंबलतीस? समदं गाव तुला हसलं असतं. परत कुनी तुझं ऐकलं असतं का हितं?"

मी मान खाली घातली.

"हसायला मानसं गोळा झालीच हुती," त्या म्हणाल्या. "कुनाला तरी हसूनच घरी जानार. म्हनलं, हसूदेत मला. मी काय, आज हाय, उद्या न्हाय."

मला जन्मात इतकी लाज वाटली नव्हती. त्यांचे पाय धरावेसे वाटले, आणि पाय धरून स्वतःची सुटका करून घेण्याचीही लाज वाटली. मी नुसतीच रडत बसले. त्यांनी मला रडू दिलं. समजूत काढली नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. वर झाडांत पाखरांचा गलका चालला होता, आणि फाटकापाशी गेनबा कुणाला तरी सांगत होता की बाग आठला उघडते.

बऱ्याच वेळानं त्यांनी काठी पायरीवर टेकली.

"झालं असंल तर मला धरून उठव," त्या म्हणाल्या. "गुडघं धरल्यात माझं."

मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. उठताना त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला.